धोतराच्या गाठीखालचा कॅन्सर शोधणारे डॉ. खानोलकर : नॅनो औषधांच्या जमान्यातही त्यांचं काम जुनं का होत नाही?

निजामपुरा हा भिवंडीचा जुना भाग. इतका जुना की महापालिकेच्या नावातही तो आहे, भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका. आणि भिवंडी म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ते यंत्रमाग. दिवसरात्र चालणारी खटखट, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू आणि कारखान्यातून बाहेर पडणारे ग्रे कापडाचे तागे. हे कापड पुढे प्रोसेसला जातं, धुतलं-रंगवलं जातं. असं कापड शेवटी कुणाचं धोतर, कुणाचा परकर, कुणाची लुंगी होऊन कमरेला बसतं.

आता प्रश्न असा की, कमरेला रोज बांधलेल्या कपड्यामुळे कॅन्सर होऊ शकतो का?

व्हॉट्सॲपवर असा मेसेज आला तर कुणीही अफवा म्हणून सोडून देईल. पण ही अफवा नाही. दोष कापडाचा नाही, सुताचा नाही, रंगाचाही नाही. दोष आहे तो एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट बांधण्याचा. ही गोष्ट १९४५ साली जगासमोर मांडली मुंबईतल्या एका मराठी डॉक्टरने. त्या आजाराला धोती कॅन्सर असं नाव मिळालं आणि ते आजही वैद्यकीय लेखनात सापडतं.

त्या डॉक्टरांचं नाव वसंत रामजी खानोलकर.

त्वचेच्या कॅन्सरवर आज जगभरात नॅनो तंत्रज्ञानाने औषध पोहोचवायचे प्रयोग चालू आहेत. त्यातले काही प्रयोग खानोलकरांनी पाया घातलेल्या संस्थेतही झाले आहेत. त्यामुळे आधी हा माणूस समजून घेऊ, मग नॅनोकडे येऊ.

लंडनचा एमडी, मुंबईची प्रयोगशाळा

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एमडी मिळवली.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे नेमकं कोण? पेशंटच्या शरीरातून काढलेला गाठीचा किंवा जखमेचा छोटा तुकडा या डॉक्टरकडे जातो. त्या तुकड्याचे अगदी पातळ काप करतात, ते रंगवतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. पेशी नेहमीसारख्या आहेत की बिघडल्यात, बिघाड किती खोल गेलाय, हे तिथे कळतं. सर्जन काय कापणार आणि किती कापणार, हे बऱ्याचदा या रिपोर्टवर ठरतं. पेशंटला मात्र हा डॉक्टर क्वचितच दिसतो.

त्या काळात लंडनची पदवी हातात असलेल्या डॉक्टरला प्रॅक्टिस करून चांगला पैसा मिळवता आला असता. खानोलकर शिकवण्याकडे आणि संशोधनाकडे वळले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी पॅथॉलॉजीचे प्राध्यापक म्हणून काम केलं.

परळचं हे कॉलेज आणि त्याला जोडलेलं केईएम हॉस्पिटल १९२६ साली सुरू झालं. देणगी देणाऱ्या ट्रस्टची एक अट होती, इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. वरच्या जागा इंग्रजांच्या आणि खालची कामं आपल्या लोकांची, अशी तेव्हाची रीत होती. परळला ती मोडली गेली. भारतीय डॉक्टरांना स्वतःचे विभाग उभे करायला मिळाले आणि खानोलकर त्या पिढीतले होते.

कॅन्सर हा आपला रोग नाही, असं मानलं जायचं

त्या काळी एक समज पक्का होता. कॅन्सर हा श्रीमंत, थंड, पुढारलेल्या देशांचा रोग. भारतात माणसं मरतात ती प्लेगने, कॉलऱ्याने, मलेरियाने, क्षयाने. कॅन्सर इथे फारसा होत नाही.

हा समज का तयार झाला असेल? कॅन्सर बहुतेक वेळा उतारवयात होतो आणि तेव्हा भारतात सरासरी आयुष्यच कमी होतं. ज्यांना व्हायचा, त्यातले कितीतरी जण हॉस्पिटलपर्यंत पोहोचायचेच नाहीत. पोहोचले तरी तुकडा काढून तपासायची सोय मोजक्या ठिकाणी. न तपासलेला रोग कागदावर येत नाही आणि कागदावर नसलेला रोग सरकारला दिसत नाही.

हे चित्र बदलायला एक मोठी गोष्ट घडली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. पण परदेशात जसे उपचार मिळतात तसे भारतात मिळावेत, ही त्यांची इच्छा टाटांच्या ट्रस्टने पुढे नेली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाचे संचालक झाले डॉ. खानोलकर.

आता त्यांच्याकडे देशाच्या कानाकोपऱ्यातून पेशंट येत होते. आंध्रचे, बिहारचे, गुजरातचे, कोकणातले, देशावरचे. प्रत्येकाची भाषा वेगळी, खाणं वेगळं, कपडे वेगळे, व्यसनं वेगळी. खानोलकरांनी नेमकं तेच बघायला सुरुवात केली.

१९४५ चा निबंध आणि तीन सवयी

खानोलकर आणि त्यांचे सहसंशोधक बी. सूर्यबाई यांचा एक शोधनिबंध १९४५ साली अमेरिकेच्या आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी या नियतकालिकात छापून आला. विषय होता लोकांच्या सवयी आणि त्यातून होणारे भारतातले तीन नवे कॅन्सर.

पहिला चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारी भागात चुट्टा नावाची जाड विडी ओढतात. तिथे बऱ्याच बायका तिचं पेटतं टोक तोंडाच्या आत ठेवून ती ओढायच्या. धूर आणि धग थेट टाळूला लागायची. कॅन्सरही तिथेच व्हायचा, टाळूला.

दुसरा खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवायची सवय. जिथे गोळी ठेवली जाते, तिथेच रोग.

तिसरा धोतराचा. आणि हा होता त्वचेचा कॅन्सर.

धोतर नेसणारा माणूस ते कमरेला घट्ट आवळतो. सुटू नये म्हणून आणखी आवळतो. शेतात वाकायचं असतं, ओझं उचलायचं असतं, सैल ठेवून चालत नाही. पुन्हा नेसताना ते त्याच जागी येतं. असं वीस, तीस, चाळीस वर्षं.

त्या जागेची त्वचा आधी काळवंडते. मग काहींच्या बाबतीत तिथला रंग उडून पांढुरका पट्टा पडतो. कातडी जाड होते, कोरडी पडते, खाज येते, चिरा पडतात. घाम आणि धूळ चिरांमध्ये साचते. जखम होते, भरते, पुन्हा घासते, पुन्हा उघडते. त्वचेला सतत नव्या पेशी तयार करून डागडुजी करावी लागते. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं की कधीतरी एखादी पेशी चुकीची घडते आणि थांबायचं विसरते. तिथून पुढे जी जखम होते, ती मग भरत नाही.

हा त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. डॉक्टरी भाषेत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. गोऱ्या लोकांच्या देशात हा प्रामुख्याने उन्हातल्या अतिनील किरणांमुळे होतो आणि चेहरा, कान, हात अशा उघड्या भागांवर जास्त दिसतो. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्यामुळे उन्हापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे तुलनेने कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नाही. भाजल्याचे जुने व्रण, न भरणाऱ्या जखमा, एकाच जागी होणारं घर्षण या वाटांनी तो आपल्याकडेही येतो.

ही यादी भारतापुरती नव्हती

सवयीतून किंवा कामातून त्वचेचा कॅन्सर होतो, ही गोष्ट जगाला याआधीही दिसली होती. १७७५ साली लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं होतं. काजळीत काम करणाऱ्या या मुलांना पुढे वृषणाच्या पिशवीच्या त्वचेचा कॅन्सर व्हायचा.

काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. पोटाच्या आणि मांड्यांच्या त्वचेला वर्षानुवर्षं धग लागते आणि काहींना तिथेच कॅन्सर होतो. तिथे काम करणाऱ्या मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच याची नोंद केली होती.

भिवंडीसारख्या गावाने लक्षात ठेवावी अशी एक नोंद इंग्लंडच्या लँकेशायरची आहे. मँचेस्टरच्या आसपास सूत कातणाऱ्या गिरण्या होत्या. तिथल्या म्यूल नावाच्या यंत्रांच्या चात्यांना खनिज तेल द्यावं लागायचं. फिरत्या चात्यांवरून तेलाचे बारीक थेंब उडून कामगाराच्या कपड्यांवर बसायचे आणि कपडे भिजून ते तेल दिवसभर जांघेला लागून राहायचं. १९२२ च्या सुमाराला डॉक्टरांच्या लक्षात आलं की या कामगारांमध्ये त्वचेचा कॅन्सर जास्त आहे. नीट शुद्ध न केलेली खनिज तेलं कॅन्सर घडवतात, हे आज जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. भिवंडीचे माग म्हणजे लँकेशायरच्या चात्या नव्हेत, दोन्ही यंत्रं वेगळी. पण तेलाने भिजलेला कपडा दिवसभर अंगावर ठेवू नये, हा धडा कुठल्याही यंत्राजवळ काम करणाऱ्याला लागू आहे.

खानोलकरांनी ही परंपरा भारतात आणली आणि वाढवली. नुसता तुकडा बघून कॅन्सर आहे असा रिपोर्ट देणं हे त्यांचं रोजचं काम होतं. ते त्यापुढे जाऊन विचारत होते की हा इथेच का झाला? हा माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो?

तंबाखूचा हिशेब

हाच प्रश्न त्यांना तंबाखूपर्यंत घेऊन गेला. १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांचा निबंध आला. तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरशी काय संबंध आहे, याचा तो हिशेब होता. कॅन्सर झालेल्या आणि न झालेल्या लोकांच्या सवयींची तुलना करून तो मांडला होता.

याच्या पाचच वर्षं आधी, १९५० साली, रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध त्याच जर्नलमध्ये मांडला होता. तो निबंध जगभर गाजला. पण तंबाखू चघळणाऱ्या माणसाचं काय, हा आपला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर परळहून आलं. आज गुटख्याच्या पुडीवर तोंडाच्या कॅन्सरचा फोटो असतो. त्यामागे अशा नोंदींची कित्येक दशकं आहेत.

चट्टा दिसायच्या आधीचा कुष्ठरोग

खानोलकरांचं दुसरं मोठं काम कुष्ठरोगावर आहे. हाही त्वचेवर दिसणारा रोग आणि त्या काळी कॅन्सरपेक्षाही जास्त भीती आणि लाज त्याच्याशी चिकटलेली.

चट्टा दिसला की रोग सुरू झाला, असं समजलं जायचं. अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांच्या त्वचेचे काप मायक्रोस्कोपखाली बघून खानोलकरांनी दाखवलं की जंतूंची वाटचाल मज्जातंतूंच्या बारीक टोकांमधून बरीच आधी सुरू झालेली असते. त्यांचा हा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. कुष्ठरोग जेवढा त्वचेचा, तेवढाच नसांचा रोग आहे, हे समजायला त्याने मदत झाली.

पुढे १९५८ साली त्यांच्या संस्थेतल्या संशोधकांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. त्याला संस्थेच्याच नावावरून आयसीआरसी बॅसिलस म्हणतात.

एक संस्था आणि एक विद्यार्थिनी

ही संस्था म्हणजे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. १९५२ साली परळला ती सुरू झाली आणि खानोलकर तिचे संस्थापक-संचालक. हॉस्पिटलमध्ये पेशंट बघायचे आणि शेजारी मूळ संशोधन करायचं, अशी ती मांडणी होती.

या कामात त्यांच्या एका विद्यार्थिनीचं नाव घ्यावंच लागतं. पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे. त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. मग त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या कॅन्सरच्या पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर अखंड वाढत राहिल्या. हेला पेशी म्हणून त्या आजही जगभर वापरात आहेत.

ते तंत्र शिकून रणदिवे परत आल्या आणि परळच्या केंद्रात त्यांनी पेशी वाढवायची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ही अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. आज कॅन्सरचं कुठलंही नवं औषध, नॅनो असो की साधं, आधी अशा वाढवलेल्या पेशींवर तपासलं जातं. मग प्राण्यांवर आणि सगळ्यात शेवटी माणसांवर.

मान मोठे, काम तेच

पुढची वर्षं मोठ्या पदांची होती. पॅथॉलॉजिस्ट आणि मायक्रोबायोलॉजिस्ट यांच्या भारतीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेतही त्यांनी नेतृत्वाची पदं सांभाळली. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे किरणोत्साराचा प्रश्न जगापुढे आला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वैज्ञानिक समितीत ते भारताचे प्रतिनिधी होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. सरकारने पद्मभूषण दिलं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान दिला. भारतातल्या पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

१९७८ साली ते गेले. त्यांच्या केंद्राला पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं होतं आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलसोबत ते अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झालं होतं. नंतर संशोधनाचं हे काम नवी मुंबईत खारघरला गेलं. आज ती जागा ॲक्ट्रेक म्हणून ओळखली जाते.

आता नॅनोकडे येऊ

कॅन्सरचं औषध शरीरात गेलं की ते सगळीकडे पसरतं. वेगाने वाढणाऱ्या पेशी मारणं हे त्याचं काम. पण केसांच्या मुळाच्या, तोंडाच्या आतल्या, रक्त बनवणाऱ्या पेशीही वेगाने वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात. तण मारायला अख्ख्या शेतावर फवारणी केली आणि पीकही होरपळलं, तसा हा प्रकार.

मग त्वचेचा कॅन्सर तर वरच दिसतो, थेट मलम का लावू नये? काही वरवरच्या प्रकारांत तसं करतातही. फ्लुओरोयुरॅसिल नावाच्या औषधाची क्रीम त्यासाठी वापरली जाते. पण त्वचेचं कामच मुळी बाहेरचं आत येऊ न देणं हे आहे. तिचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. विटा रचून मध्ये सिमेंट भरावं तशा या पेशी आणि त्यांच्यामधली चरबी. जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. पण मोठे रेणू तो सहसा आत जाऊ देत नाही. गाठ खोल असेल तर मलम वरच राहतं.

इथे नॅनो कण कामाला येतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो आणि औषधासाठी वापरलेले कण बहुतेक वेळा काही दहा ते दोनशे नॅनोमीटरचे. यात सगळ्यात जुना आणि सोपा प्रकार म्हणजे लायपोसोम, चरबीच्या पापुद्र्याचा पोकळ गोळा. इंग्लंडचे ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात तो शोधला. औषध आत भरायचं आणि गोळा शरीरात सोडायचा. चरबीचाच असल्यामुळे त्वचेच्या विटांमधल्या चरबीत तो मिसळू शकतो. केसांच्या मुळांच्या छिद्रात साठून तिथून हळूहळू औषध सोडणारे कणही बनवता येतात.

रक्तातून दिलं तर आणखी एक फायदा असतो. गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या घाईघाईत बनलेल्या, फटी असलेल्या असतात. चांगल्या रक्तवाहिनीतून नॅनो कण सहज बाहेर पडत नाही, गाठीतल्या गळक्या वाहिनीतून पडतो आणि तिथेच साठतो. १९८६ साली जपानी संशोधक मात्सुमुरा आणि माएदा यांनी हे मांडलं.

१९९५ साली अमेरिकेत डॉक्सिल या औषधाला मान्यता मिळाली. जुनंच डॉक्सोरुबिसिन, पण लायपोसोममध्ये भरलेलं. पहिलं नॅनो औषध म्हणून त्याचं नाव घेतात. आणि ते पहिल्यांदा मंजूर झालं ते एड्सच्या पेशंटना होणाऱ्या कापोसी सार्कोमासाठी. हा कॅन्सर रक्तवाहिन्यांच्या पेशींचा, पण दिसतो प्रामुख्याने त्वचेवर, जांभळट चट्ट्यांच्या रूपात.

आणि इथे खानोलकरांची संस्था पुन्हा येते. २०१५ साली आयआयटी मुंबई आणि ॲक्ट्रेक इथल्या संशोधकांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या लायपोसोमवरचं काम नॅनो लेटर्स या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. असे कण गाठीत पोहोचवायचे आणि बाहेरून विशिष्ट लेसरचा प्रकाश टाकायचा. सोनं तापतं आणि त्या उष्णतेने गाठीतल्या पेशी मरतात. काम झाल्यावर कण विरघळून शरीराबाहेर पडावेत, अशी त्यांची रचना होती. प्रयोग उंदरांमधल्या गाठींवर झाला. असा प्रकाश शरीरात फार खोल जात नाही, त्यामुळे त्वचेजवळच्या गाठींसाठी या वाटेकडे आशेने बघितलं जातं.

पण हे सगळं वाचून कुणी जखमेवर नॅनो क्रीम शोधत बसू नये. उंदरावर चाललेलं औषध माणसावर चालेलच असं नाही. कण यकृतात आणि प्लीहेत अडकतात, गाठीपर्यंत पोहोचणारा वाटा बऱ्याचदा छोटा असतो, खर्च मोठा असतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमासाठी आजही पहिला उपचार म्हणजे ऑपरेशन करून तो भाग पूर्ण काढणं. लवकर सापडला तर बहुतेक पेशंट त्याने बरे होतात.

८० वर्षांनी, वर्धा

आणि लवकर सापडणं हीच अडचण आहे. धोतर मागे पडलं म्हणून आजार संपला असं झालं नाही. साडीच्या आतल्या परकराची नाडीही तेच करते. मुंबईतल्या डॉक्टरांनी साडी कॅन्सर या नावाने अशा केसेस नोंदवल्या. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या मधुबनीच्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्समध्ये दोन वयस्कर महिलांची माहिती दिली. दोघींनाही कमरेच्या बाजूला, जिथे कपडा घट्ट बांधला जायचा, तिथेच न भरणारी जखम झाली होती आणि तपासल्यावर ती कॅन्सरची निघाली. एकीच्या बाबतीत रोग जांघेतल्या गाठींपर्यंत पोहोचला होता.

१९४५ च्या निबंधानंतर जवळपास ८० वर्षांनी, तीच जागा आणि तेच कारण.

अशा बायका उशिरा का येतात? कमरेची जखम दाखवायची लाज वाटते. दुखत नाही म्हणून राहून जातं. गजकर्ण समजून दुकानातून मलम आणलं जातं. मागावर किंवा शेतावर रोजाने जाणाऱ्या माणसाचा एक दिवस दवाखान्यात गेला तर त्या दिवसाची मजुरी जाते. या अडचणींवर नॅनो कणात औषध भरून उपाय होत नाही. नॅनो औषध गाठीच्या पत्त्यावर पोहोचवायचं असतं, पण गाठ आहे हे आधी कळावं लागतं. ती कुठे आणि का होते हे शोधणं हेच खानोलकरांनी आयुष्यभर केलं.

त्यांच्या या कामातून निघणारी खबरदारी बिनखर्चाची आहे. नाडी थोडी सैल बांधायची. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक वापरायचं. बांधायची जागा अधूनमधून वर-खाली करायची. कमरेवर काळा किंवा पांढरा पट्टा पडला असेल, कातडी जाड झाली असेल तर तिथलं घर्षण लगेच थांबवायचं. आणि कुठलीही जखम महिनाभरात भरत नसेल, कडा जाड होत असतील, सारखं रक्त किंवा वास येत असेल, तर मलम बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरला दाखवून तुकडा तपासून घ्यायचा.

निजामपुऱ्यातल्या कुणाला अशी जखम असेल तर सुरुवात गावातच, भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात करता येईल. पुढची गरज पडली तर परळचं टाटा हॉस्पिटल आहेच. तिथे गेलेला तुकडा आजही पातळ कापला जातो, रंगवला जातो आणि कुणीतरी पॅथॉलॉजिस्ट तो मायक्रोस्कोपखाली ठेवून बघतो.